मोहाच्या झाडाखालचे अस्वल

मराठीत ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ असा एक शब्दप्रयोग आहे. वरून लाड आणि आतून जीव घेणे, असा त्याचा अर्थ. लहानपणी आम्हाला सांगत, की अस्वल माणसाला कवेत धरते आणि हसवून हसवून मारते. पुण्यामुंबईच्या घरांत ही कल्पना अजून टिकून आहे. सातपुड्यात मात्र मी ती कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. जिथे गावाच्या शिवेला डोंगर आहे आणि डोंगरात कपारी आहेत, तिथे अस्वलाचा विषय निघाला की लोक गुदगुल्यांविषयी बोलत नाहीत. ते गावातल्या कोणाच्या तरी चेहऱ्याविषयी बोलतात.

एकाच प्राण्याविषयीची ही दोन ज्ञाने इतकी वेगळी कशी झाली, हा या लेखाचा विषय आहे. मी भोपाळला राहतो. घरात मराठी, बाजारात हिंदी, असा आमच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा क्रम. १८६१ साली ब्रिटिशांनी ‘मध्य प्रांत’ स्थापन केला, त्यात नागपूरही होते आणि जबलपूरही. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये झाली, तेव्हा मराठी जिल्हे निघून गेले. डोंगर मात्र भाषेप्रमाणे वाटले गेले नाहीत. मेळघाटातून निघालेली रांग बैतुलात शिरते, पुढे पचमढीला जाते आणि मैकल पर्वताला मिळते. या सगळ्या पट्ट्यात अस्वल आहे. गेली काही वर्षे मी या प्रांताविषयीची जुनी शिकारवर्णने, गॅझेटिअरे आणि वनखात्याचे अहवाल वाचतो आहे. वाघ शोधायला म्हणून मी त्यांत शिरलो होतो. पण पानोपानी अस्वल भेटत गेले. ते नेहमी वाटेत येणारे, मध्येच उठणारे, कोणाला नको असताना हाक्यातून बाहेर पडणारे.

आधी प्राण्याविषयी. आपले काळे, झिपरे, छातीवर पांढुरका चंद्र असलेले अस्वल भारतीय उपखंडाबाहेर कुठेच नाही. भारत, नेपाळ, श्रीलंका हा त्याचा मुलूख. बांगलादेशातून ते नाहीसे झाले. १७९१ साली ब्रिटिश म्युझियममधले निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याची बोटाएवढी नखे आणि वरच्या दातांमधली फट पाहून त्यांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबणाऱ्या स्लॉथच्या वंशात घातले. ते अस्वल आहे हे पुढे लवकरच ध्यानात आले, पण इंग्रजीतले ‘स्लॉथ बेअर’ हे नाव, म्हणजे आळशी अस्वल, तेवढे चिकटून राहिले. शॉला जे व्यंग वाटले, ते खरे तर त्या प्राण्याचे पोट भरण्याचे साधन आहे. नखांनी वारूळ फोडायचे, नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची आणि पुढचे दोन दात नसलेल्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. तो फुरफुराट रात्रीच्या शांततेत बराच दूरवर ऐकू येतो. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभरे, बहाव्याच्या शेंगांतला गर आणि चैत्र आला की मोहाची फुले, हा त्याचा आहार. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून रानभर पडतात. बहाव्याची पिवळी झुंबरे पाहून आपण हरखतो, त्यांतली काही झाडे अस्वलाने लावलेली असतात.

आपल्या भाषांनी या प्राण्याला बरीच नावे दिली. मराठीत अस्वल, हिंदीत भालू आणि रीछ, गुजरातीत रींछ, कन्नडात आणि तमिळमध्ये करडी, तेलुगूत एलुगुबंटी. ‘रीछ’मागे संस्कृत ‘ऋक्ष’ आहे, आणि तो शब्द फार जुना आहे. ग्रीक ‘आर्क्टोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ ही त्याचीच भावंडे. रशियात हे मूळ नाव बोलण्यातून गेले. तिथे अस्वलाला ‘मध खाणारा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की खरे नाव घेतले तर तो येईल, या भीतीने ते टाळले गेले. आपल्याकडे नाव घ्यायची भीती वाटली नसावी. ऋग्वेदात आकाशातल्या सप्तर्षींनाच ‘ऋक्ष’ म्हटले आहे. पुराणांनी सात कुलपर्वत मोजले, त्यांत सह्य आहे, विंध्य आहे, आणि त्यांच्या बरोबरीने ऋक्ष पर्वतही आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात वानरसेनेची ओळख करून दिली जाते, तेव्हा अस्वलांचा राजा धूम्र हा नर्मदेचे पाणी पिऊन ऋक्षवंत पर्वतावर राहतो असे सांगितले आहे. जांबवान त्याचा धाकटा भाऊ. म्हणजे ज्या डोंगरांविषयी मी लिहितो आहे, त्यांना कधीतरी कोणीतरी अस्वलांचे डोंगर म्हटले होते.

महाराष्ट्रात जांबवान घरोघरी पोचला तो स्यमंतक मण्याच्या कथेतून. गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर ही कथा ऐकायची, म्हणजे आळ येत नाही, अशी रीत. सत्राजिताचा मणी त्याच्या भावाच्या गळ्यात होता, भावाला सिंहाने मारले, सिंहाला जांबवानाने मारले आणि चोरीचा आळ आला कृष्णावर. कृष्ण माग काढत गुहेत शिरतो, अस्वलाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो, आणि शेवटी मणी घेऊन येतो, त्याबरोबर जांबवती ही बायकोही. या कथेकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तीत अस्वल चोर नाही. ते आपल्या गुहेत आहे, मणी पोराला खेळायला दिलेला आहे, आणि माणूस आत आला म्हणून झुंज होते. शेवट मारण्यात होत नाही, सोयरिकीत होतो. ही कथा रचणाऱ्यांना अस्वलाचा एक गुण नेमका ठाऊक होता. ते आपणहून माणसाच्या मागे लागत नाही, पण गुहेच्या तोंडाशी गाठले तर हटतही नाही.

आता शिकारीच्या पुस्तकांकडे येऊ. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा तरुण अधिकारी १८६२ साली पचमढीला पोचला. तिथे त्याने ‘बायसन लॉज’ बांधले आणि पुढे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर एक मोठे पुस्तक लिहिले. ते १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो वारला. पाठोपाठ १८७७ मध्ये रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीच्या छावणीजीवनावरचे पुस्तक आले. पुढे १९२३ साली डनबर ब्रँडर या वनाधिकाऱ्याने मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिले. ही माणसे जंगल खरोखर पायांनी तुडवलेली होती. त्यांची निरीक्षणे आजही उपयोगी पडतात. पण या जातीच्या पुस्तकांत अस्वलाची जागा ठरलेली असते. वाघ म्हणजे मान, गवा म्हणजे कसोटी आणि अस्वल म्हणजे विनोद. ते धडपडते, आरडते, जखमी झाले की शेजारच्या अस्वलालाच मारते, आणि शिकारी हसतात.

हसण्यामागे कारण होते. अस्वलाचे कातडे गालिच्यासारखे पसरण्याजोगे नसते. त्याला राठ केस असतात, आतली मऊ लोकर नसते. भिंतीवर लावायला शिंगे नाहीत. त्याची चरबी मात्र लोक सांधेदुखीवर लावायला मागून नेत. म्हणून अस्वल मारणे हा बहुधा मुख्य बेत नसे. दिवस मोकळा आहे, वाघाची खबर नाही, मग पहाटे डोंगराच्या धारेवर दबा धरून बसायचे आणि रात्रभर चरून कपारीकडे परतणारी अस्वले टिपायची. आत शिरली असतील तर धूर करून किंवा फटाके टाकून बाहेर काढायची. दख्खनच्या मोकळ्या माळावर घोड्यावरून भाल्याने अस्वल मारण्याचाही खेळ होता. हे सगळे सकाळच्या न्याहारीआधी उरके, असे वाचताना वाटते.

या पुस्तकांत आणखी एक गोष्ट आहे, ती मला दुसऱ्या वाचनात दिसली. हाका घालणारी माणसे. रायफल घेतलेला साहेब मचाणावर किंवा खडकावर असतो. डोंगर उठवणारे गोंड, कोरकू, बैगा पायी असतात, हातात काठी किंवा कुऱ्हाड. उठलेले अस्वल बंदुकीकडे जाईलच असे नाही. पुष्कळदा ते मागे फिरते आणि हाकाऱ्यांच्या रांगेतून वाट काढते. मग एका वाक्यात कोणी ‘फाडला गेला’ असे येते. पुढच्या वाक्यात साहेबाने त्याला किती रुपये दिले, ते येते. त्यानंतर गोष्ट दुसऱ्या दिवसाच्या शिकारीकडे जाते. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे पुस्तक सांगत नाही, कारण ते पुस्तक त्याच्याविषयी नाही.

१८७८ हे साल या संदर्भात मी कायम ध्यानात ठेवतो. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. भारतीय वन कायद्याने सरकारला जंगले राखीव करून लोकांचे तिथले हक्क संपवण्याचा किंवा मर्यादित करण्याचा अधिकार दिला. हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लावला. वाचताना हे दोन वेगळ्या खात्यांचे कायदे वाटतात. गावातून पाहिले तर ते एकच होतात. ज्या डोंगरात अस्वल आहे तो डोंगर आता सरकारचा, आणि अस्वलापुढे उभे राहायचे तर हाती कुऱ्हाड. त्याच काळात सरकार ‘हिंस्र’ प्राणी मारण्यासाठी बक्षिसेही देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुळवलेल्या आकड्यांप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. अनेक प्रांतांच्या बक्षिसाच्या यादीत अस्वलही होते, वाघापेक्षा कमी किमतीचे. दरवर्षी सरकार तक्ते छापी, कोणत्या प्राण्याने किती माणसे मारली आणि माणसांनी कोणते प्राणी किती मारले. त्यात अस्वलाचा एक रकाना असे. त्यात मेलेले मोजले जात. फाटक्या चेहऱ्याने जगलेल्यांना रकाना नव्हता.

याच स्टर्नडेलच्या सिवनीवरून किपलिंगने १८९४ सालच्या ‘जंगल बुक’चे जंगल रचले. त्याचा बालू झोपाळू आणि तपकिरी आहे, फळे, मुळे आणि मध खातो आणि लांडग्याच्या पोरांना जंगलचा कायदा शिकवतो. नाव हिंदी भालूवरून घेतलेले, रंग मात्र सातपुड्यातल्या अस्वलाचा नव्हे. १९६७ च्या चित्रपटानंतर तो नाचूगाऊ लागला. जगभरच्या मुलांना मध्य भारतातले एक अस्वल माहीत आहे, ते हे. दुसऱ्या टोकाला केनेथ अँडरसनचे अस्वल. आर्सिकेरेजवळच्या डोंगरांतल्या या अस्वलाने निदान बारा माणसे मारली, असे त्याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. एक पाठीवर घेऊन फिरवणारा काका आणि एक वेडा खुनी. खऱ्या अस्वलाला इंग्रजी पुस्तकांत या दोघांच्या मधली जागा फार थोडी मिळाली.

आपल्या रस्त्यांवर तिसरेच अस्वल होते. महाराष्ट्रात त्याच्या मालकाला दरवेशी म्हणत, उत्तरेत कलंदर. डमरू वाजवत तो पेठेत येई, अस्वल दोन पायांवर उभे राही, लोक पैसे टाकत. पोर भित्रे असेल तर त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत, म्हणजे त्याची भीती जाते. अस्वलाचा केस ताइतात घालून दंडाला बांधत. या खेळामागे काय होते, हे खेळ पाहणाऱ्यांना दिसत नसे. पिल्लू मिळवायचे तर आईला मारावे किंवा हुसकावे लागे. मग तापलेल्या सळईने त्याच्या नाकाडाला भोक पाडायचे, त्यातून दोरी ओवायची, सुळे पाडायचे. नाच म्हणजे दोरीचा हिसका टाळण्याची धडपड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली अस्वले पकडणे बंद झाले, पण खेळ चालूच राहिले. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्याकडून खेळ करवून घेण्यावर बंदी घातली. आग्र्याजवळच्या निवारा केंद्रात २००२ साली पहिले नाचरे अस्वल आले आणि २००९ च्या अखेरीस शेवटचे म्हणून ओळखले गेलेले. सगळी मिळून सहाशेहून जास्त अस्वले दोरीतून सुटली. अस्वल सोपवणाऱ्या कलंदरांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिले गेले, त्यांच्या मुलींसाठी शाळेची सोय केली गेली. ही चांगली गोष्ट आहे, आणि तिचा एक धडा आहे. अस्वलाचे रक्षण टिकले ते कायद्याने हत्यार उगारल्यामुळे नाही. ज्याचे पोट त्या अस्वलावर होते, त्याच्या पोटाची तजवीज केली तेव्हा ते टिकले.

तो धडा डोंगरापर्यंत पोचायला हवा होता. १९७२ च्या कायद्याने साहेबाची, संस्थानिकाची आणि नागपुरातून परदेशी पाहुण्यांसाठी चालणारी शिकार संपली. ते होणे गरजेचेच होते. आज अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षित. कायद्यात एक शहाणपणाचे कलमही आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे वन्य प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण हे कलम कागदावर जितके सोपे आहे तितके पहाटे साडेचारला मोहाच्या झाडाखाली सोपे नसते.

मोहाचे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, गोड फुले रात्री उशिरापासून गळू लागतात आणि सकाळपर्यंत गळत राहतात. ती वेचून, वाळवून विकायची. पावसाळ्याआधीच्या रिकाम्या महिन्यांत हातात पैसा येतो तो यातून. पुष्कळ गावांत कोणते झाड कोणत्या घराचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. उशीर केला तर हरणे, सांबरे, गुरे फुले खाऊन जातात. म्हणून बायका आणि मुले अंधारातच टोपली घेऊन निघतात. अस्वलालाही तीच फुले हवी असतात आणि त्याचीही हीच वेळ असते, कारण ऊन वर येण्याआधी त्याला कपार गाठायची असते. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिल्ले याच सुमारास आईच्या पाठीवर बसून बाहेर पडू लागलेली असतात. खाण्यात गुंग झालेल्या अस्वलाला माणसाची चाहूल लवकर लागत नाही. वाघांबरोबर एकाच रानात वाढलेला हा प्राणी दचकला की पळण्याऐवजी अंगावर येतो, असे अभ्यासक सांगतात. तो उभा राहतो आणि नखे चालवतो ती डोक्यावर आणि तोंडावर.

एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अविभाजित मध्य प्रदेशात अस्वलांच्या हल्ल्यात ७३५ माणसे सापडली. त्यांतली ४८ मेली. उत्तर बिलासपूरच्या पट्ट्यात १९९८ ते २००० या काळात १३७ हल्ले आणि ११ मृत्यू नोंदले गेले. हे आकडे अभ्यासकांनी छापलेले आहेत. त्यांत मोहाच्या दिवसांबरोबर पावसाळाही आहे, जेव्हा गवत माजते आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. माझे लक्ष मात्र दोन आकड्यांच्या वजाबाकीकडे जाते. ७३५ मधून ४८ गेले की ६८७ उरतात. वाघाने धरलेल्या माणसाची बातमी होते, कारण तो मरतो. अस्वलाने धरलेला बहुतेक वेळा जगतो, आणि त्याची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते.

बैतुल जिल्ह्यातल्या एका गावात मी अशा एका बाईंकडे बसलो होतो. वयाने माझ्या आईएवढ्या, म्हणून मी त्यांना मौसी म्हणत होतो. डावा डोळा नाही, गालापासून कानापर्यंत कातडी ओढलेली, पदर कायम त्या बाजूने पुढे घेतलेला. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. झाडाच्या या बाजूला त्या वाकून फुले वेचत होत्या, त्या बाजूला अस्वल वाकून फुले खात होते. मध्ये बुंधा. दोघांच्याही माना खाली. दोघांनी एकदमच मान वर केली. बाजेवर घालून त्यांना नेले. बऱ्या झाल्यावर मिळायची ती मदत मिळाली, अपंगत्व टक्क्यांत मोजून. चेहऱ्याचे टक्के कसे लावतात, हे त्यांना कळले नाही आणि मलाही सांगता आले नाही. थोरल्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांसमोर त्या आल्या नाहीत, हे त्यांनी चहा ओतता ओतता सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे.

मी विचारले, आता मोह वेचायला कोण जाते. त्या म्हणाल्या, मीच. झाड तर तेच आहे. फक्त आता चौघीजणी मिळून जातात, वाटेने मोठ्याने बोलत जातात, कंदिलाच्या जागी बॅटरी आली आहे ती आधी झाडाखाली फिरवतात, आणि उजाडल्याशिवाय नाल्याकडच्या झाडांना हात लावत नाहीत. अस्वलाचा राग येतो का, हे विचारायचे धाडस मी शेवटी केले. त्यांनी डोंगराकडे हात केला. पूर्वी वरच्या अंगाला बोरी होत्या, टेंभुर्णी होती, मोठमोठे खडक होते. खडक फोडून रस्त्याला गेले, झाडे सरपणाला आणि ठेक्याला गेली. मग ते खाली येणार नाही तर काय करील, असे त्या म्हणाल्या. दया म्हणून त्या हे बोलत नव्हत्या. शेजाऱ्याविषयी बोलावे तसे बोलत होत्या, ज्याच्याशी पटत नाही पण ज्याची अडचण माहीत आहे.

हे बोलणे ऐकल्यापासून शिकारीची पुस्तके वाचताना मला त्यांतली एक उणीव सतत जाणवते. तिथे अस्वलाची नखे, वजन, चाल, सगळे आहे. त्याच्याबरोबर राहायचे कसे, याविषयी काही नाही, कारण लिहिणाऱ्याला तिथे राहायचे नव्हते. ते ज्ञान हाकाऱ्यांकडे होते आणि पुस्तकाने त्यांना विचारले नाही. वाऱ्याची दिशा कोणती, नवे फोडलेले वारूळ कसे ओळखायचे, पिल्लाची माती खडकावर दिसली तर कोणती वाट सोडायची, यातले काही मला त्या गावात दोन दिवसांत कळले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी रानाविषयी लिहिताना बंदूक बाजूला ठेवली आणि रानातल्या माणसांना बोलू दिले, हे त्यांचे मोठेपण यामुळे माझ्या मनात आणखी वाढले. चितमपल्ली तर स्वतः वनखात्यात होते.

आज काही ठिकाणी या शेजाराची सरकारी दखल घेतली गेली आहे. गुजरातेत जेसोर आणि रतनमहाल ही अभयारण्ये अस्वलांसाठी ओळखली जातात. कर्नाटकात हंपीजवळ दरोजी येथे १९९४ पासून अस्वलांचे अभयारण्य आहे, आणि हंपीच्या परिसरालाच परंपरेने किष्किंधा मानतात, म्हणजे जांबवानाची अस्वले अजून तिथेच आहेत असे म्हणायला हरकत नाही. विदर्भात बुलढाण्याचे ज्ञानगंगा आहे. २०२२ पासून १२ ऑक्टोबर हा या अस्वलाचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. पण बहुतेक अस्वले अभयारण्यात नाहीत. ती गावाच्या टेकडीवर, नाल्यात, उसाच्या किंवा भुईमुगाच्या शेताच्या कडेला आहेत. वाघासाठी राखीव क्षेत्र आखता येते, गावे उठवता येतात, ते बरोबर की चूक हा वाद वेगळा. अस्वलासाठी ते शक्यच नाही. त्याचे अन्न आणि माणसाचे अन्न एकाच झाडाखाली पडते.

म्हणून या प्राण्याचे पुढे काय होईल, हे झाडांवरच्या हक्कांवरून ठरेल, असे मला वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिथे राहणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जिथे गावाला आपले जंगल आपले वाटते, तिथे कपारी कुठे सोडायच्या, कोणत्या बाजूचा मोह उजाडल्यावरच वेचायचा, झाडाखाली जाळी बांधायची की पाला जाळायचा, हे गावसभेत ठरू शकते. जाळी बांधली तर फुले मातीत पडत नाहीत, अंधारात धावावे लागत नाही, आणि पाला जाळल्याने लागणारे वणवेही टळतात. जिथे जंगल सरकारचे आणि मोह ठेकेदाराच्या भावाचा, तिथे प्रत्येक घर दुसऱ्याआधी पोचण्यासाठी अंधारात निघते. अस्वल आणि माणूस बुंध्याच्या दोन बाजूंना येतात ते काही नशिबाने नाही.

जुन्या तक्त्यांत एक रकाना होता, किती माणसे मेली. आताच्या अर्जात तीनचार आहेत. मृत, कायम अपंग, गंभीर, किरकोळ. त्यांत आणखी दोन रकाने असावेत असे मला वाटते. हल्ला कोणत्या झाडाखाली झाला, आणि ती व्यक्ती त्या वेळी तिथे का होती. हे दोन प्रश्न सरकारने दरवेळी विचारले आणि उत्तरे जपून ठेवली, तर वीस वर्षांत आपल्याकडे या डोंगरांतल्या अस्वलाचा आणि माणसाचा एकत्र इतिहास तयार होईल. तो लिहायला शिकारी लागणार नाही. मौसींना तो आजही तोंडपाठ आहे, आणि येत्या चैत्रात त्या पुन्हा चौघींबरोबर निघतील, वाटभर मोठ्याने बोलत.